आई आहे तोवर

“खरं सांगू? राग नको.”

एवढं म्हणून ती उजवा हात छातीशी न्यायची, आणि मग जे सांगायची त्याचा राग न येणं अवघड असे. माझ्या हातची पहिली पुरणपोळी खाऊन तिनं हेच म्हटलं होतं. मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, “पुठ्ठा.”

बेंगळुरूच्या राजाजीनगरात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा ती खाली सासूबरोबर राहत होती. ती व्हिएतनामची. तिचं नाव गल्लीत कुणालाच धड उच्चारता येत नसे. शेवटी तिनंच हात जोडून सांगितलं, “नावाचे हाल नको,” आणि सासू हाक मारायची तीच सगळ्यांनी उचलली. भाजीवाला अण्णा तर ‘सूनबाई’ हे तिचं पाळण्यातलं नाव आहे अशाच समजुतीत होता.

सासू मूळची निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळुरूत आली आणि इथलीच झाली. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. जीभ मात्र शाबूत होती. सुनेला मराठी शिकवलं ते तिनंच. तुम्ही डोळे मिटून ऐकलं असतं, तर निपाणीच्या बाजारातली एखादी बाई बोलतेय असंच तुम्हाला वाटलं असतं. “चा घेतीस व्हय, अक्का? स्वल्प थांब, आईचं अंग पुसून घेते.” माझं पुण्याचं, निम्मं इंग्रजी मिसळलेलं मराठी ऐकून ती हसायची. “तुझं मराठी ऑफिसातलं हाय,” म्हणायची.

नवरा गुरुग्रामला. कंपनीच्या कामानं तो तिच्या देशात गेला होता, तिथं ओळख झाली, लग्न झालं. आईच्या आजारपणात दोघं इथं आली. पुढे नोकरीसाठी तो गेला आणि ती राहिली. नवऱ्याला अहो म्हणायचं असतं, हे सासूनं तिला बजावलेलं. ते तिनं पाळलं, पण अर्धंच. फोनवर म्हणायची, “अहो, तू जेवलास काय?”

दर रविवारी त्याचा फोन यायचा. ती तो सासूच्या कानाशी धरून बसायची. बोलणं झालं की म्हातारी विचारायची, “आणि तुझ्याशी गं?”

“सकाळीच बोलला की. तुम्ही झोपला होता.”

एका रविवारी तिनं हे सांगितलं, तेव्हा सकाळपासून मी तिथंच मेथी निवडत बसले होते. सकाळी फोन आलाच नव्हता. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं नजर खाली घातली. नंतर गच्चीवर कपडे वाळत घालताना ती आपणहूनच म्हणाली, “त्याचं तिकडं दुसरं कोण हाय. त्यानंच सांगितलंय मला. आईला नको सांगायला.” आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, “धर, ओढ.” चादर घट्ट पिळून वाळत घातली आणि ती खाली गेली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला इथं राहण्यासाठी एक आजीवन कार्ड मिळतं. ते मिळालं की व्हिसाची कटकट संपते. तिनं त्यासाठी अर्ज केला होता आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं होतं. तो येतो म्हणाला. शेजारीण म्हणून मीही रजा टाकून तिच्याबरोबर गेले. म्हातारीजवळ समोरच्या घरातल्या काकू बसल्या.

त्या कार्यालयातला हॉल तुम्ही कधी पाहिला असेल, तर तिथली शांतता आठवेल. हॉल माणसांनी भरलेला, पण जो तो आपापल्या भाषेत गप्प. शेजारीशेजारी बसलेल्या जोडप्यांकडे माझं सारखं लक्ष जात होतं. कुणी बायकोची ओढणी सारखी करत होतं, कुणी लग्नाचे फोटो पुन्हा लावून बघत होतं. विमानतळावरून तिचा नवरा थेट आला, पाठीला सॅक लावून. तिच्या शेजारची खुर्ची मी रिकामी केली. पण ती मधे रिकामीच सोडून तो त्यापलीकडच्या खुर्चीवर बसला.

“आई कशी आहे?”

“वाट बघालीय तुझी.”

“संध्याकाळची परतीची फ्लाइट आहे गं.”



मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. सूनबाईला इंग्रजी अडखळत यायचं, म्हणून त्यांनी विचारलं, कुठल्या भाषेत बोलशील? ती म्हणाली, मराठी. बाई हसल्याच. “कन्नड?” “स्वल्प स्वल्प.” बाईंना मराठी येत नव्हतं आणि नवऱ्यानं भाषांतर करून चालणार नव्हतं, म्हणून मला आत बोलावलं.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. लग्न कुठं झालं, घरी कोण कोण असतं. मग बाईंनी त्याला विचारलं, “तुम्ही गुरुग्रामला, या इथं. असं का?” नोकरी, आणि आईला हलवता येत नाही, असं तो म्हणाला. पुढे एकत्र राहणार का? “हो, अर्थातच,” तो चटकन म्हणाला. बाईंनी तोच प्रश्न तिला विचारला. मी तो मराठीत केला.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. हात छातीशी नेला.

“खरं सांगू? राग नको,” ती त्यालाच म्हणाली. मग बाईंकडे वळली. “हा माझ्यासंगं राहणार न्हाई. मी बी ह्याच्यासंगं न्हाई. ह्याची आई माझ्यासंगं राहती. तिला मी भरवते. दुसऱ्या कुणाच्या हातनं ती जेवत न्हाई. आई आहे तोवर मला राहू द्या. कार्ड नको.”

माझ्या एका वाक्यावर तिचं इथलं राहणं अवलंबून होतं, आणि ते वाक्य जरासं बदललं तरी बाईंना कळलं नसतं. तिनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. “सांग की, अक्का. हाय तसं.”

मी आहे तसं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं की कार्डाचा अर्ज मागे घेता येईल. कायद्यानं लग्न अजून आहे, तेव्हा नवरा तयार असेल तर बायको म्हणून व्हिसा वाढवून मागता येईल. “तयार आहात?” त्यांनी त्याला विचारलं. त्यानं मान हलवली. सही करताना त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, “मी हो म्हणालो होतो ना? कार्ड मिळालं असतं तुला. का असं केलंस?”

“अहो, तू आलास हे बरं झालं,” ती म्हणाली. “आता आईला भेटून जा.”

तो घरी आला. म्हातारीनं चालत्या हातानं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. वाळलास म्हणून रागावली. दोघांना शेजारीशेजारी बसवून जेवायला लावलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सूनबाईनं त्याला भाकरी वाढली, तूप वाढलं. त्यानं ताटातली वांग्याची फोड तिच्या ताटात ठेवली. जुनी सवय असावी. ती फोड तिनं खाल्ली. मला तिथं बसवेना.

व्हिसा वाढून आला. तो संपायच्या आतच एका दुपारी म्हातारी गेली, सुनेच्या हातची पेज अर्धी पिऊन. निपाणीहून नातेवाईक आले, मुलगा आला, दिवसकार्य झालं. एक चुलत सासू मला म्हणाली, “पोर गुणाची हो. आता हिचं काय?” तिनं तर व्हिएतनामचं तिकीट काढलंही होतं.

विमानतळावर मी सोडायला गेले. दारापाशी तिनं बॅग खाली ठेवून मला मिठी मारली.

“जाते, अक्का.”

“जाते नाही म्हणायचं,” मी म्हटलं. “येते म्हणावं. आपल्यात तसं म्हणतात.”

“म्हाईत हाय.” तिनं बॅग उचलली. “आईंनी शिकवलंय.”

पण ‘येते’ ती म्हणाली नाही. दारावरच्या जवानानं तिचा पासपोर्ट उघडला, नाव वाचायचा प्रयत्न केला, आणि मग नुसतीच मान हलवून तिला आत सोडलं.