जीपमधून आलेली ग्रामसभा

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमच्या गावात दुपारी माणूस दिसत नाही. सगळे बांधीत, चिखलात वाकलेले. आलापल्लीकडून आत येणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशीच आमचं किराणा दुकान आहे. त्या दिवशी मी एकटीच बसले होते. नवरा माल आणायला तालुक्याला गेला होता. तेवढ्यात एकामागोमाग जीपा येऊन थांबल्या. धुतलेल्या कपड्यांतली माणसं उतरली. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घेतला, कोणी पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या एकाने जाता जाता विचारलं, "बाई, ग्रामसभा कुठी हाये?"

मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही. त्याने हातातल्या फोनवर बघितलं आणि शाळेचं नाव घेतलं. मी हात करून शाळेचा रस्ता दाखवला. जीपा निघून गेल्यावर मला कसंतरीच वाटलं. गावात ग्रामसभा आहे आणि ती गावातल्या बाईला बाहेरच्या माणसाकडून कळते, हे काय आहे?

मी शटर ओढलं आणि मागोमाग गेले. आमची सभा नेहमी समाज मंदिरासमोर, मोहाच्या झाडाखाली व्हायची. तिथे खुर्ची एकच असायची, ग्रामसेवकाची. इथे शाळेच्या मैदानात मांडव घातला होता, माईक होता, आणि पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर माझ्याकडून खर्रा घेऊन गेलेली माणसं बसली होती. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. विषय आमच्या मोह-तेंदूच्या जंगलातून खाणीच्या ट्रकांसाठी रस्ता काढण्याचा. त्याला गावाची संमती लागत होती. ग्रामसेवकाने भरभर वाचलं, मध्येच "मंजूर?" असं विचारलं, आणि पुढच्या खुर्च्यांतून हात वर झाले. बातमी ऐकून बांधीतून धावत आलेल्या बाया फाटकात पोचल्या तेव्हा माईकची वायर गुंडाळणं चाललं होतं. सरपंच कोणाकडे न बघता मोटारसायकलवर बसून निघून गेला.

मी मूळची भद्रावतीची. वडील तिथल्या कारखान्यात होते, मी कॉलनीत वाढले. रविवारी विहारातून आल्यावर वडील आम्हा बहिणींना संविधानातलं एक पान मोठ्याने वाचायला लावत. लग्न होऊन इथे आले तेव्हा नवऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की या जंगलातलं काहीही करायचं तर आधी ग्रामसभेला विचारावं लागतं. वडिलांनी वाचायला लावलेलं सगळं मला त्या एका गोष्टीत खरं झालेलं दिसलं होतं. आता मात्र वाटलं, सभा चोरून नेण्याइतकी सोपी असेल तर तिला विचारलं काय आणि न विचारलं काय.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. सरकारवर, खाणवाल्यांवर राग होताच, पण ते लांब होते. एकमेकांच्या जवळ होतो ते आम्हीच. दवंडी गावाच्या काही टोल्यांत, म्हणजे वाड्यांत, आली, काही टोल्यांत आली नाही, म्हणून कोतवालावर संशय. कोणाच्या तरी घरी नवीन टीव्ही आला, त्याच्यावर संशय. दोन भाऊ एका बांधावर बोलेनासे झाले. आणि एका गुराख्याने जीपा आमच्या दुकानासमोर थांबलेल्या बघितल्या होत्या. गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं. तेल-मिठासाठी लोक पलीकडच्या गावात जायला लागले. मी विहिरीवर गेले की बाया बोलणं थांबवायच्या, आणि मी बादली भरून निघाले की मागून बोलणं परत सुरू झालेलं ऐकू यायचं.

त्यातच एक बाई सहज म्हणाल्यासारखं म्हणाली की, तुझा नवरा त्या दिवशी त्यांच्याच एका जीपमधून परत आला, मी बघितलं. मी घरी येऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, एसटी चुकली होती, सोबत सामान होतं, रस्त्यात मागे राहिलेली एक जीप मिळाली म्हणून बसलो, आलो तेव्हा दुकान बंद होतं. मग सांगितलं काऊन नाही, असं विचारलं तर चिडला. मी विषय सोडला. पण त्यानंतर तो फोनवर बोलत अंगणात गेला की माझे कान तिकडे लागायचे. त्याच्या खिशात काही दिसलं की मी बघायचे. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याच्याकडे मी पोलिसासारखी बघते आहे, हे कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

या सगळ्यात एकच म्हातारी माझ्याकडे सरळ आली. ती गोंड टोल्यातली, गावाच्या वनहक्क समितीत अनेक वर्षं असलेली. फार न बोलणारी. दुकानाच्या पायरीवर बसली आणि विचारलं, "तू त्या जीपवाल्यायले ओळखतं का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी सभा कुठे आहे हे विचारलं, मी रस्ता दाखवला, इतकंच सांगितलं.

तिने शाळेच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "गावचा माणूस सभा कुठी हाये ते काऊन विचारन? हेच सभेत येऊन सांगजो."

मी म्हटलं, कोणती सभा, सभा तर होऊन गेली. ती म्हणाली, ती त्यांची होती, आता आपली घेऊ.

आधी लोक तालुक्याला गेले. तिथल्या साहेबाने सांगितलं की ठराव झाला आहे, आता काही होत नाही, तक्रार असेल तर वर करा. पण रोवणी संपल्यावर म्हातारी आणि तिच्या टोल्यातल्या बाया घरोघर फिरल्या. गावाने स्वतः मागणी केली तर ग्रामसभा घ्यावीच लागते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ग्रामसेवकाने आज-उद्या केलं. शेवटी दवंडी प्रत्येक टोल्यात दिली, आणि ती देताना टोल्यातली दोन माणसं कोतवालासोबत चालली.

सभा मोहाच्या झाडाखाली भरली. नियम गावानेच ठरवला. ज्याचा त्याचा टोला एकत्र बसेल. बाहेरच्या कोणालाही ऐकायला मनाई नाही, पण त्यांनी पलीकडच्या आंब्याखाली बसायचं. आणि मत द्यायच्या आधी एकेकाने उभं राहायचं, त्याच्या टोल्याने म्हणायचं की हा आमचा. ग्रामसेवक म्हणाला, असा नियम कुठे लिहिलेला नाही. म्हातारी म्हणाली, बाहेरच्यांनी हात वर करायचा नियम तरी कुठे लिहिला आहे? त्याने वही उघडली.

एकेक टोला उभा राहिला. हा आमचा, ही आमची. मला वाटलं होतं ते ऐकताना बरं वाटेल. पण प्रत्येक नावानंतर लोक जरा थांबत होते, त्या थांबण्यात सगळं ऐकू येत होतं. कोतवाल उभा राहिला तेव्हा बराच वेळ गेला. मग आमचा टोला आला. मी उभी राहिले. म्हातारी माझ्याकडे बघत होती, पण तिचा टोला वेगळा, तिला बोलता येत नव्हतं. या गावात माझी दोन मुलं जन्मली, आणि मी इथली आहे हे सांगायला एक तोंड उघडत नव्हतं.

शेवटी आमची शेजारीण उठली. कोंबड्यांवरून तिचं-माझं कधी पटलं नाही. ती म्हणाली, "आमचीच हाये. पण तिनं काय पाह्यलं ते सांगितलं पायजे."

मी सांगितलं. जीपा, खर्रा, शाळेचा रस्ता. माझं बोलणं संपायच्या आत माझा नवरा उठला. मला वाटलं तो मला थांबवणार. तो लोकांकडे न बघता बोलला. जीपमध्ये आपण बसलो होतो, ती माणसं शेजारच्या जिल्ह्यातून आणली होती, त्यांना दिवसभराची रोजी आणि जेवण कबूल होतं, सभा कशाची हे त्यांच्यातल्या कित्येकांना ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरने उतरताना बजावलं होतं, दुकान रस्त्यावर आहे, लेकरंबाळं आहेत, विसरून जा.

"मले भेव वाटलं," तो म्हणाला आणि खाली बसला.

कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. कोणी शाबासकीही दिली नाही. आंब्याखाली बसलेल्या दोन अनोळखी माणसांपैकी एकजण उठून फोन लावत रस्त्याकडे गेला, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्याचा विषय मराठीत आणि गोंडीत सावकाश वाचला गेला, आणि गावाने नाही म्हटलं. त्या दिवशी जे झालं ती आमची सभा नव्हती, हेही लिहून घ्यायला लावलं. सरपंच सही करेपर्यंत बाया उठल्या नाहीत.

रस्त्याचं काम आजपर्यंत सुरू झालेलं नाही. पहिल्या सभेची चौकशी चालू आहे, असं सांगतात. ती कोण करतं, कुठवर आली, ते कोणी सांगत नाही. दर आठवड्याला वेगवेगळ्या टोल्यातली दोन माणसं तालुक्याला जाऊन विचारून येतात. जी जातात ती परतल्यावर सगळ्यांसमोर बोलतात, एकट्याला कोणी काही सांगायचं नाही असं ठरलं आहे. तरी आमच्या सभेत काय बोललं गेलं ते दुसऱ्या दिवशी बाहेर पोचलेलं असतं. कोण पोचवतं ते अजून कळलेलं नाही. आमच्या घरातही सगळं पूर्वीसारखं झालं असं म्हणवत नाही. नवरा आता कोणाच्या गाडीत बसला तर आल्या आल्या सांगतो, आणि मी ऐकून घेते.

हल्ली सभेत ठराव मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे. हात वर करायच्या आधी मी प्रत्येक ओळ वाचते, मग एक पोरगी ती गोंडीत सांगते. मी वाचत असताना कोणी ना कोणी माझ्या खांद्यामागे येऊन उभं राहतं, कागदावर आहे तेच मी वाचते आहे ना ते बघायला. गेल्या खेपेला कोतवाल उभा होता. मध्येच त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, ही ओळ परत वाचा. मी परत वाचली.