मस्यूंचा रोल मी कसा पळवला

मॉन्ट्रियलमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक फ्रेंच नट राहायचे. फ्रेंच म्हणजे फ्रान्सचे, इथल्या क्वेबेक प्रांतातले नव्हेत. हा फरक न कळणाऱ्या माणसाला त्या शहरात कॉफीसुद्धा गार मिळते. आम्ही नवरा-बायको त्यांना नुसतं ‘मस्यू’, म्हणजे ‘साहेब’, म्हणायचो, कारण त्यांचं आडनाव आम्हाला उच्चारता येत नव्हतं आणि आमचं त्यांना.

मी मूळचा सांगलीचा. सांगलीत जन्मलेल्या प्रत्येकाच्या रक्तात नाटक असतं असं आम्ही सांगलीकर सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. माझ्या रक्तातलं नाटक कॉलेजात एकदा बाहेर आलं होतं. एकांकिका स्पर्धेत पोस्टमनची चार वाक्यं बोलून मी उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळवलं. पुढे इंजिनिअर झालो, कॅनडात मार्कहॅमला आलो, बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या नोकरीवर मॉन्ट्रियलला बदली घेतली. पण प्रत्येक घरात भिंतीवर आधी ते प्रशस्तिपत्र लागलं आणि मग घड्याळ. बायको पाहुण्यांना आत घेतानाच सांगायची, “तिकडे बघू नका. तुम्ही बघितलंत की तो बोलायला लागतो.”

आता मस्यूंकडे प्रशस्तिपत्र एकही नव्हतं, पण आयुष्य होतं. विशीत ते फिरत्या नाटक कंपनीत शिरले. एकाच दौऱ्यात राजा झाले, राजाचा न्हावी झाले, आणि नायिकेचा पाय मोडला तेव्हा तीन प्रयोग नायिकाही झाले. एका गावात प्रेक्षकांना हीच नायिका जास्त आवडली असं ते सांगायचे. गावाचं नाव मात्र दर वेळी वेगळं असायचं. पुढे कंपनी कॅनडात आली आणि परत गेली. मस्यू एका बाईसाठी मागे राहिले. बाई दुसऱ्याबरोबर गेली, मस्यू राहिलेच. इथल्या टीव्हीवाल्यांना त्यांचं फ्रेंच नको तितकं पॅरिसचं वाटायचं, त्यामुळे त्यांना एकच काम मिळायचं: सगळ्यांना अक्कल शिकवणारा आगाऊ फ्रेंच माणूस, जो तिसऱ्या भागात नदीत पडतो. चार मालिकांत ते नदीत पडले. शेवटी कंटाळून डबिंगला गेले आणि तिथे त्यांचं नशीब उघडलं. सेनापती, बिशप, म्हातारं अस्वल, दारूडा डॉक्टर, सगळ्यांना त्यांनी आवाज दिला. एका सिनेमात तर खुनी, मेलेला आणि न्यायाधीश तिघंही तेच होते. “मीच मला मारलं, मीच मला जन्मठेप दिली,” ते सांगायचे, “आणि शेवटी पाट्यांमध्ये नाव एकदाच!”

पण दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात त्यांना दोन वर्षं एकही फोन आलेला नव्हता. स्टुडिओंना तरुण आवाज हवे होते. त्यांच्या मुलीने दोन तासांवरच्या गॅटिनोतल्या आपल्या घराचं बेसमेंट त्यांच्यासाठी तयार करून ठेवलं होतं. “उजेड छान येतो,” ते म्हणायचे. “खिडकीतून लोकांचे बूट दिसतात.” मॉन्ट्रियलमध्ये एक जुलैला सगळी लीजं संपतात आणि अर्धं शहर घर बदलतं, राहणार की जाणार हे घरमालकाला मार्चअखेर सांगायचं असतं. मस्यूंनी स्वतःशीच ठरवलं होतं: मार्चपर्यंत काम मिळालं तर इथेच, नाहीतर बूट बघायला गॅटिनो.

जानेवारीत एका संध्याकाळी ते हातात कागद घेऊन वर आले. एका इंग्रजी मालिकेचं फ्रेंच डबिंग होणार होतं. छोट्या गावात मोटेल चालवणारे एक भारतीय आजोबा. बारा भाग, आणि प्रत्येक भागात आजोबांना भरपूर बोलणं. ऑडिशन फेब्रुवारीत.

“ऐक,” म्हणाले, आणि आमच्या सोफ्यासमोर उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं. मान लटालटा हलवत, प्रत्येक शब्दाला झोका देत, टीव्हीवरचा भारतीय असतो तसा.

मी पेटलो. आमच्या संस्कृतीची थट्टा, प्रतिनिधित्व, आत्मसन्मान या विषयांवर मी वीस मिनिटं बोललो. फ्रेंचमध्ये बोललो, त्यामुळे मुद्दे दोनच झाले.

“बरं,” मस्यू म्हणाले, “मग तुम्ही लोक बोलता कसे?”

“माझ्यासारखे.”

“तू फ्रेंच बोलतोस तेव्हा पोलिसाला कागद दाखवत असल्यासारखा बोलतोस. मला आजोबा हवेत.”

मग मी त्यांना माझे वडील दिले. सांगलीहून ते रोज व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायचे: गुडघा, पाण्याची टाकी, शेजाऱ्याची नवी गाडी. मस्यूंना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी ते निरोप इतक्यांदा ऐकले, की टाकीचा निरोप सुरू झाला की आधीच कपाळाला आठ्या घालायचे. मी त्यांना उठतानाचं ‘आई गं’ शिकवलं, बसतानाचं ‘हुश्श’ शिकवलं. समोरचा बोलत असताना ‘हं... हं...’ करायचं, आणि आपली पाळी आली की घसा साफ करून, दोन क्षण थांबून, तो काय म्हणाला याचा विचारही न करता ‘तसं नाही ते’ अशा सुरात सुरुवात करायची. तीन आठवडे रोज हेच चाललं होतं. एकदा मस्यू बाहेर सोफ्यावर बसून फ्रेंचमध्ये संवाद म्हणत होते आणि बायको आतून ओरडली, “अरे, बाबांचा कॉल चालू आहे आणि मला सांगायचं नाही? मी गाऊनवर आहे!” ती ओढणी घेऊन बाहेर आली आणि मस्यूंकडे बघून तशीच उभी राहिली.

मस्यू हसले नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला, फ्रेंच पद्धतीचा. “आता जमलं,” एवढंच म्हणाले.

ऑडिशनच्या दिवशी रात्रभराचं बर्फ पडलेलं होतं. मी गाडीभोवतीचं बर्फ शोव्हलने उपसून ती बाहेर काढली आणि त्यांना स्टुडिओत घेऊन गेलो. गुरू म्हणून. निदान माझी समजूत तशी होती.

दिग्दर्शिका तिशीची, उत्साही. तिने मलाही काचेच्या अलीकडे, तिच्या शेजारी बसवलं. पलीकडे मस्यूंनी कोट काढला, घसा साफ केला, दोन क्षण थांबले, आणि सांगलीत आमच्या ओसरीवर बसलेला माणूस फ्रेंच बोलायला लागला. मी नकळत सावरून बसलो.

दिग्दर्शिकेने डोळे पुसले. “फार सुंदर,” म्हणाली. “मला माझे आजोबा आठवले.” मग जरा थांबून, “पण माझे आजोबा इथल्याच गास्पेच्या किनाऱ्यावर मासे पकडायचे. हा माणूस भारतीय वाटत नाही.”

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही?”

त्या क्षणी बोलायचं वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा तयार केलं. ‘बाई, भारतीय आजोबा असेच बोलतात, तुम्ही टीव्ही कमी बघा.’ त्याचं फ्रेंच व्याकरणही मी तपासून ठेवलं आहे. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, “मीही मूळचा रंगभूमीचाच.”

मी काचेपलीकडे गेलो, मस्यूंनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि ते बाहेर गेले. आधी मी माझ्या नेहमीच्या आवाजात वाचलं. तिचा चेहरा पडला. “थोडं... जास्त?” मी थोडं जास्त केलं. “आणखी?” मी आणखी केलं. मग मला थांबवायलाच कुणी नव्हतं. जे मस्यूंनी सोफ्यासमोर केल्यावर मी वीस मिनिटं पेटलो होतो, तेच मी केलं, आणि त्यांच्याहून वाईट केलं. मानही हलवली. माइकला मान दिसत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दिग्दर्शिकेने टाळ्या वाजवल्या. काचेपलीकडे मस्यू मांडीवर कोट घेऊन बसले होते.

परतताना पुलापर्यंत मी रेडिओची स्टेशनं बदलत राहिलो. मग ते म्हणाले, “तिसऱ्या वाक्याला श्वास उशिरा घेतलास.”

दोन दिवसांनी स्टुडिओचा फोन आला. ‘विचार करून सांगतो’ म्हणण्याइतकीही उसंत मी घेतली नाही. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, “कुणाचा होता रे?”

“रोल मला मिळाला.”

“कुठला रोल?”

“आजोबांचा.”

तिने आमटीचा डाव खाली ठेवला. “आणि मस्यूंचं काय?”

“त्यांना काय, एवढा अनुभव आहे. दुसरं मिळेल.”

“कुठे? बेसमेंटमध्ये?”

“अगं, भारतीय भूमिका भारतीयानेच करायला हवी ना? शेवटी हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाचा! मान हलवून आलास ना तिथे?” हे मीच तिला कौतुकाने सांगितलं होतं. “आत्ता खाली जा आणि त्यांना सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगते, आणि मी नीट सांगेन.”

मी खाली गेलो. मस्यूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे पॅसेजमध्ये ग्रोसरीच्या दुकानातून आणलेली केळ्यांची रिकामी खोकी रचलेली होती. दोनांत पुस्तकं भरूनही झाली होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “मीठ आहे का?”

त्यांनी आत जाऊन मिठाचा डबा आणून दिला. “अभिनंदन,” म्हणाले. “स्टुडिओने मलाही फोन केला होता, नाही म्हणायला. त्यांना तेवढी रीत आहे.”

तो डबा मी घेऊन आलो. बायको त्या मिठाला हात लावेना.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रेकॉर्डिंग सुरू झालं. डबिंगची रीत अशी: पडद्यावर सिनेमा चालतो आणि त्याच्या खाली शब्दांची एक पट्टी सरकत येते. मध्ये एक उभी रेघ. शब्द त्या रेघेला टेकला की त्याच क्षणी तुमच्या तोंडातून पडला पाहिजे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ उघडले की उघडायचं, मिटले की मिटायचं. वर अभिनयही करायचा. मस्यू हे करत असताना म्हणे एका हाताने सँडविच खायचे.

मी शब्द वाचेपर्यंत तो रेघ ओलांडून गेलेला असायचा. मी त्याच्या मागे धावलो की पुढचे तीन निघून जायचे. आजोबांनी तोंड मिटल्यावर मी बोलत होतो, आजोबा शिंकले तेव्हा मी ‘सुप्रभात’ म्हणालो. तीन तासांत चार वाक्यं झाली. चाचण्या करण्याचा पेशा असल्याने पट्टीवरच्या लिखाणातल्या दोन चुका मात्र मी दाखवून दिल्या. कुणी आभार मानले नाहीत.

दुपारी दिग्दर्शिका फार गोड आवाजात म्हणाली, “तुमचे शेजारी आज मोकळे असतील का?”

बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून मी मस्यूंना फोन लावला.

“कितव्या वाक्यावर अडलास?” त्यांनी विचारलं.

“पाचव्या.”

“माझी अटकळ दुसऱ्याची होती. मेट्रोने येतो. चाळीस मिनिटं.”

ते आले. कोट काढता काढताच दिग्दर्शिकेशी बाजूला जाऊन काहीतरी बोलले, तिने नकारार्थी मान हलवली, त्यांनी खांदे उडवले. मग माझी चार वाक्यं त्यांनी एकदाच ऐकली, माझ्याकडे वळून म्हणाले, “पूर्ण पत्ता सांग तुझा, पिनकोडसकट,” आणि मी सांगत असताना डोळे मिटून उभे राहिले. मग आत गेले. पट्टी सरकायला लागली.

स्पीकरमधून मी बाहेर आलो. टीव्हीवरचा भारतीय नव्हे, तो करून दाखवणारा मी. वाक्याच्या आधीचा तो टाळीसाठी सोडलेला क्षण, शब्द आला की होणारा आनंद, नाही आला तर शहाणपणाचा खोकला. ध्वनिमुद्रण करणारा पोरगेला माणूस खदखदून हसला, मागे वळला, मी बसलेला दिसलो, आणि त्याने तोंड परत पुढे केलं. संध्याकाळपर्यंत दोन भाग झाले.

गाडीत मी म्हणालो, “मस्यू, निदान आता तरी आपण तयार केलेला आवाज लावायचा होता. माझ्या बाबांचा.”

“आल्याबरोबर तेच विचारलं तिला. ती म्हणाली, वरच्या लोकांनी जो आवाज ऐकून मंजूर केला तोच हवा.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्यांना तुझा ऐकवला होता.”

बारा भागांत माझे वडील कुठेच नाहीत, याचं कारण असं. मी माफी मागितली. बाराखडीपासून सुरू केल्यासारखी, अडखळत. त्यांनी हाताने ‘पुरे’ अशी खूण केली आणि खिशातून फोन काढून मुलीला लावला. स्पीकरवर. त्यांना फोन कानाला लावायला आवडायचं नाही, की मला ऐकवायचं होतं, मला आजही ठरवता येत नाही.

“मी येत नाही,” ते म्हणाले. “घरमालकाला उद्या चिठ्ठी देतो. तुझी ती व्यायामाची सायकल बेसमेंटमध्ये परत ठेव.”

“काम मिळालं? पापा! कसला रोल आहे?”

“एका मूर्खाचा आहे,” मस्यू म्हणाले. “पण मोठा आहे, बारा भाग.” मग माझ्याकडे न बघता, “तू पुढे बघून चालव. बर्फ आहे.”