दिमन्याची विहीर

ह्यांची बातमी आली ती खालच्या वाण्याच्या फोनवर. कुवेतहून इब्राहिमभाई बोलत होते, ह्यांचे खोलीतले सोबती. कामावर छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं, एवढंच कळलं. फोन ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "शेवटी सालमियानंच ठेवून घेतलं!" वाणी माझ्याकडे बघतच राहिला. सालमिया ही कुणी बाई आहे, असं वाटलं असेल त्याला. त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

सालमिया म्हणजे कुवेतचं उपनगर, जसं मुंबईला आमचं घाटकोपर. ऐंशीच्या सुमारास हे तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर गेले, तेव्हा लग्नाची नवलाई अजून संपलीही नव्हती. सुट्टी दोन वर्षांतून एकदा. मधल्या काळात मुंबईला येणारं कुणी गाठून हे कॅसेट पाठवायचे. पत्र लिहायचा ह्यांना कंटाळा, बोलायचा अजिबात नाही. भटवाडीच्या आमच्या चाळीत टू-इन-वन फक्त आमच्याकडे, त्यामुळे कॅसेट आली की अख्खी गॅलरी आमच्या एका खोलीत येऊन बसायची. नवऱ्याचा आवाजसुद्धा मला एकटीला कधी मिळाला नाही... आणि त्या आवाजात तरी मी किती असायची? "शालू, बरी आहेस ना? तब्येतीला जप," एवढ्यावर माझं उरकायचं. मग सालमिया सुरू.

"आता मी दिमन्याच्या विहिरीवर येऊन बसलोय बघ. हे सगळं पूर्वी दिमना नावाचं मासेमारीचं खेडं होतं गं. गोड पाण्याच्या विहिरी होत्या, म्हणून शहरातली माणसं उन्हाळ्यात इथे हवा खायला यायची. मग तेल निघालं, इमारती उठल्या, नावही बदललं. त्यातली ही एक विहीर राहिलीय. पाणी ऐकू येतंय का?" आणि खरंच, ह्यांच्या आवाजामागे ठिप... ठिप... ऐकू यायचं. त्यानंतर समुद्राकाठचा रस्ता, दुकानांची झगमग, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पाण्याच्या उंच टाक्या. शेजारच्या कुसुमताई म्हणायच्या, "वसंतरावांची मजा आहे हो!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. इथे मी पहाटे उठून सार्वजनिक नळावर हंड्यासाठी भांडतेय, आणि माझा नवरा रोजची संध्याकाळ गोड्या पाण्याच्या विहिरीवर घालवतोय. त्या संध्याकाळी माझ्या होत्या.

एका सुट्टीत भटवाडीचा चढ चढताना ह्यांनी पुन्हा तेच काढलं, की सालमियाचे रस्ते कसे सपाट आणि रुंद. मी भडकले. "मग तिच्याशीच लग्न करायचं होतं!"

"अगं, गावावर कोण जळतं?" हे हसले.

"मी जळते. मला एकदा घेऊन चला आणि ती विहीर दाखवा."

हसू एकदम थांबलं. "विहिरीत काय बघायचंय..." म्हणाले, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे चालू लागले. मला वाटलं, नक्कीच काहीतरी लपवतायत.

इब्राहिमभाईंनीच ह्यांना विमानातून घरी आणलं. नंतर तीन-एक आठवड्यांनी ते गोवंडीच्या आपल्या घरून ह्यांची बॅग द्यायला आले. मी चहा दिला आणि इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. "इब्राहिमभाई, ती विहीर कशी आहे हो?"

"कसली विहीर, वैनी?"

"दिमन्याची. हे रोज संध्याकाळी बसायचे ना?"

ते विचारात पडले. "आमच्या बिल्डिंगचा म्हातारा चौकीदार जुन्या गोष्टी सांगायचा. त्याच्या लहानपणी होत्या म्हणे विहिरी. आता सगळ्या बिल्डिंगी ना. मी तरी एक पण नाय पाहिली."

मी कॅसेट लावली. ठिप... ठिप... ऐकताच इब्राहिमभाई हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"हे तर आमचं बाथरूम, वैनी! आठ जण एका खोलीत, शांतता कुठून आणायची? वसंता कडी लावून बादली उलटी टाकून बसायचा. नळ गळका. आम्ही बाहेरून दार बडवायचो, अरे आटप ना यार, ड्युटी आहे! तो आतून ओरडायचा, थांब रे, बायकोशी बोलतोय."

सवत कधी नव्हतीच, हे ऐकून माझा जीव खरं तर निवायला हवा होता. तसं झालं नाही. समोर बसलेल्या त्या भल्या माणसाचाच मला असा हेवा वाटला की हातातली बशी खाली ठेवावी लागली. विहीर माझ्या वाट्याला आली आणि ती उलटी बादली इब्राहिमभाईंच्या. ह्यांची खोकल्याची उबळ, ह्यांचं घोरणं, ह्यांचा गळका नळ, सगळं इब्राहिमभाईंना ठाऊक. मला जे सांगायचं ते चांगलंच, म्हणून ह्यांनी माझ्यासाठी विहीर बांधली... पण ते दार बडवायला मी हवी होते.

आता संध्याकाळी मी खोलीची कडी लावते, मोरीपाशी बादली उलटी टाकते आणि टू-इन-वन मांडीवर घेऊन बसते. ठिप... ठिप... सुरू झालं की गॅलरीतून कुसुमताई दार वाजवतात. "अगं शालू, आम्हालाही ऐकव ना!"

"थांबा हो," मी आतून सांगते, "नवऱ्याशी बोलतेय."