येताना गार, जाताना गरम

मी गाडीच्या एसीला गॅसचा दाब मोजायचा गेज लावत होतो आणि संजयभाऊ माझ्या हाताकडे बघत उभे होते. ते बघणं साधं नव्हतं. आधीच्या दोन मिस्त्र्यांनी आपल्याला बनवलं अशी खात्री झालेला माणूस तिसऱ्याच्या हाताकडे बघतो, तसं होतं.

यवतमाळला दारव्हा रोडवर माझं वर्कशॉप आहे. फक्त गाड्यांच्या एसीचं काम. संजयभाऊंचं दारव्ह्याला कृषी केंद्र, बियाण्या-खताचं दुकान. त्यांच्या आईच्या किडन्या निकामी झालेल्या, म्हणून तिला डायलिसिससाठी सारखं यवतमाळला आणावं लागायचं. उन्हाळा पेटलेला होता. गाडी आईसाठीच घेतलेली, आणि एसी नेमका घरी परतताना गरम हवा फेकायचा.

"सकाळी येताना बर्फ," संजयभाऊ म्हणाले. "दुपारी वापस जाताना भट्टी. एकानं ग्यास भरला, मंग दुसऱ्यानं भरला. मले एकच सांगा, सकाळी असलेला ग्यास दुपारी जाते कुठं?"

प्रश्न बरोबर होता. गॅस लीक झाला तर तो जातो, सकाळी परत येत नाही. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर म्हणजे त्याचा पंप. तो गॅस दाबतो, आणि रेडिएटरच्या पुढे असलेली कंडेन्सरची जाळी ती उष्णता बाहेर सोडते.

माझा पहिला संशय जाळीवर गेला. आपल्याकडे कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांची जाळी रुईच्या तंतूंनी भरते. सकाळी चालून जातं, दुपारच्या उन्हात एसी मान टाकतो. जाळी वाकून पाहिली. स्वच्छ होती. दुसरा संशय क्लचवर. हा चुंबकाचा असतो, कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडतो. त्याच्यातली फट वाढली की गरम झाल्यावर तो पकडत नाही. फट मोजली. बरोबर होती. इंजिन तापेपर्यंत गाडी चालू ठेवली. एसी गारच.

शेवटी फ्यूज बॉक्स उघडला. एसीचा रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान अशी एक डबी, क्लचला करंट देणारा स्विच. बाकी सगळ्या रिलेंवर धूळ बसलेली. हा एकटा पुसल्यासारखा. कडेला नखांचे ओरखडे, आणि खालच्या पिना चकचकीत.

"हा कोणी काढलता का?" मी संजयभाऊंना विचारलं.

उत्तर ड्रायव्हरने दिलं. "आधीच्या मिस्त्रीनं काढला असन." देवीदास त्याचं नाव. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. तोवर तो गाडीपासून चार हात लांब उभा होता. मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

एवढ्या वर्षांत ड्रायव्हर लोकांच्या गमती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एसी बंद ठेवला की डिझेल वाचतं, आणि वाचलेलं डिझेल कुठेतरी विकलं जातं. पण शेजारी मालक बसलेला असेल तर बटन बंद करता येत नाही, बटनावरचा दिवा दिसतो. रिले काढून ठेवला तर दिवा लागलेला राहतो, पंखाही फिरतो, फक्त हवा गरम येते. मालकाला वाटतं एसी बिघडला. मी मनात देवीदासच्या नावापुढे खूण केली. एक गोष्ट मात्र बसत नव्हती. यवतमाळ ते दारव्हा एका बाजूच्या प्रवासात असं किती डिझेल वाचणार?

पुराव्याशिवाय कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, म्हणून मी तोंड उघडलं नाही. एवढंच म्हणालो, की पुढच्या वेळी गरम हवा आली की इंजिन बंद न करता सरळ माझ्याकडे या. देवीदास खाली बघत होता.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी भर दुपारी गाडी दारात आली. काचा खाली. संजयभाऊ उतरले तेच तापलेले. दवाखान्याबाहेर पडताच गरम हवा सुरू झाली होती. त्यांनी गाडी इकडे घ्यायला सांगितलं, तर देवीदास म्हणायला लागला की आधी घरी जाऊ, माय थकली आहे. तिथेच त्यांना शंका आली.

मी गेज लावला. त्याला दोन काटे असतात. कॉम्प्रेसर फिरत असला की एक खाली उतरतो, दुसरा वर चढतो. दोन्ही एकाच ठिकाणी उभे होते. म्हणजे कॉम्प्रेसर फिरतच नव्हता. फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं. रिलेची जागा रिकामी.

मी काही बोलण्याआधी देवीदासने शर्टाच्या खिशातून रिले काढला आणि बॅटरीवर ठेवला.

संजयभाऊंनी हात पुढे केला. "किल्ली दे."

त्याने इंजिन बंद करून किल्ली दिली.

"उद्यापासून येऊ नको. आता सांग, डिझेल कोणाले विकते?"

त्यांनी पुन्हा विचारलं, पोलिसांचं नाव काढलं. देवीदास माझ्या वर्कशॉपच्या पत्र्याकडे बघत राहिला. चोर पकडला गेला की हातापाया पडतो किंवा उलट भांडतो. हा दोन्ही करत नव्हता.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. आई एक पाय खाली टाकून बसली होती. बाहेर लू चालू होती आणि तिने जाड शाल कानांवरून गुंडाळली होती. तिची हनुवटी थरथरत होती.

"त्याले नको बोलू," ती म्हणाली. "म्याच सांगतलं त्याले काढाले."

डायलिसिसच्या मशीनवरून उठलं की तिला थंडी भरायची. एसीची हवा लागली की सहन व्हायची नाही. तिला गाडीत बसवून संजयभाऊ परत वर औषधं आणि कागद घ्यायला गेले, की देवीदास पाणी बघण्याच्या निमित्ताने बोनेट उघडून रिले काढायचा. घरी पोचल्यावर परत लावायचा.

"मंग मले सांगतलं असतं," संजयभाऊ म्हणाले. "म्या एसी बंद केला असता."

"तू डॉक्टरले सांगतलं असतं."

मग तिने सांगितलं. तिच्या शेजारच्या बेडवर एक बाई यायची. तिने नर्सला सांगितलं, की मला थंडी वाजते. तिला भरती केलं, तिथून नागपूरला नेलं, आणि ती परत आली नाही. सांगितलं म्हणून नेलं, असा आईचा हिशेब. देवीदासला तिने त्याच्या पोरीची शपथ घातली होती.

संजयभाऊंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढला. अंग पेटलेलं होतं. मग त्यांनी किल्ली देवीदासच्या हातात दिली. "दवाखान्यात वापस घे."

मी रिले उचलला. देवीदासने नको म्हणून मान हलवली. मी तो जागेवर न लावता सीटवर ठेवला, आणि काचा वर करून गाडी गेली.

पुढचं संजयभाऊंनी नंतर सांगितलं. डायलिसिससाठी तिच्या मानेत बसवलेल्या नळीत जंतू झाले होते. मशीन चालू झालं की ते रक्तात जायचे, म्हणून थंडी आणि ताप. डॉक्टर म्हणाले, अजून अंगावर काढलं असतं तर हाती लागली नसती. नळी बदलली, बरेच दिवस दवाखान्यात ठेवलं, पण नागपूरला न्यावं लागलं नाही. आई घरी आली.

ती घरी येईपर्यंत देवीदासने गाडी चालवली. मग काम सोडलं. संजयभाऊ त्याला थांबवायला तांड्यावर जाऊन आले, तरी तो आला नाही. आता तो दारव्हा-यवतमाळ लाइनवर सवाऱ्यांची काळीपिवळी जीप चालवतो. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मी कारण विचारलं.

"त्यायचं इचारनं चूक नाई, भाऊ," तो म्हणाला. "पन इचाराच्या आधी किल्ली मांगतली."

मशीनपेक्षा माणसावर संशय घेणं सोपं असतं, त्याला गेज लागत नाही. गरम हवेची तक्रार घेऊन आजही रोज गाड्या येतात. बहुतेकांचा गॅस गेलेला असतो, काहींची जाळी भरलेली असते. मी ते सगळं तपासतो. पण बोनेट उघडण्याआधी विचारून घेतो, मागच्या सीटवर कोण बसतं.