आबांच्या गडावर कुणी मरत नसे

चिंतामणरावांचा आवाज खणखणीत होता आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केली, तिथे त्या आवाजाचं काही चीज झालं नाही. ते झालं इंदिरानगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, म्हातारपणी. सून तेजस्विनी हिने मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. सासऱ्यांनीही मुरडलं. पण "बाबा, गणित-विज्ञान मी बघते, इतिहास तुमच्याकडे," असं ती म्हणाली आणि गडी विरघळला.

त्यांचा इतिहास म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या. दुपारची जेवणं झाली की नऊ वर्षांची इरा आणि पाच वर्षांचा आल्हाद सतरंजीवर लोळत आणि त्यांचे आबा, म्हणजे चिंतामणराव, वाचत. तोफांचे आवाज तेच काढत, घोडे तेच खिंकाळवत. एखाद्या रविवारी सगळे रामशेज किल्ल्यावर चढत आणि वर सावली बघून एक प्रकरण उरकत. पोरांना सनावळ्या धड येत नव्हत्या, पण वेढा पडल्यावर दाणागोटा कसा पुरवायचा, हे दोघं झोपेतही सांगू शकत.

फक्त आबांची एक खोड होती. त्यांच्या तोंडून कुणी मरत नसे. छापील ओळीत माणूस पडला की ते चष्मा सारखा करत, खाकरत आणि बिनदिक्कत वाचत, "...जखमी झाला आणि बरा व्हायला आपल्या गावी गेला." सावळीराम नावाचा एक जासूद आल्हादचा फार लाडका होता. पुस्तकात तो खलिता पोचवताना खिंडीत मारला गेला. आबांनी त्याला गावी धाडून दिला. एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! पुढच्या कादंबरीत, जिचा या कादंबरीशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी त्याला ठणठणीत बरा करून परत आणला.

तेजस्विनी स्वयंपाकघरातून ऐकत असे. "बाबा, तुमच्या गडावर कुणी मरतच नाही. एवढ्या माणसांना धान्य पुरतं तरी कसं?" असं म्हणून हसायची. एकदा मात्र हसता हसता थांबली. "मुलांना घरी ठेवलं ते खरं शिकता यावं म्हणून. जसं आहे तसं वाचा ना."

"अगं, लहान आहेत. मरण काय कुठे पळून जातंय?" चिंतामणराव म्हणाले. खरं सांगायचं तर भीती मुलांना नव्हतीच, ती यांनाच होती.

मग तेजस्विनीचं पोटाचं दुखणं निघालं आणि ते काय आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. दवाखान्यात एका दुपारी तिचा नवरा विश्वेश औषधं आणायला खाली गेला, तेवढ्यात तिने सासऱ्यांना जवळ बोलावलं.

"मुलांना तुम्ही सांगा. विश्वेशच्या तोंडून शब्द फुटणार नाही." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "आणि बाबा, मला गावी नका पाठवू."

"नाही पाठवणार," ते म्हणाले.

ती गेली त्या सकाळी रिक्षातून घरी येताना त्यांनी एकच वाक्य मनात घोकलं. देवाघरी नाही, चांदण्यांत नाही, काही आडवळण घ्यायचं नाही. शेजारच्या संजनाने मुलांना नाश्ता देऊन बसवलं होतं. चिंतामणराव बूटही न काढता त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले.

"बाळांनो, आपली आई मेली. आज सकाळी. आता ती परत येणार नाही."

इरा पांढरीफटक पडली. आल्हादने मात्र समजूतदारपणे मान डोलावली. "तिला लागलंय. बरी झाली की येईल. सावळीराम नाही का आला?"

"नाही रे राजा. आई खरंच..."

"तुम्ही रडू नका ना, आबा," असं म्हणून तो त्यांच्याच गुडघ्यावर थोपटू लागला.

जन्मात एकदा चिंतामणरावांनी जसं आहे तसं सांगितलं होतं आणि ते या पोराला पटत नव्हतं. दोष कुणाचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी इरा बोलली. "आल्हाद, सावळीराम मेलाय. खिंडीतच. मी पुस्तक वाचलंय. आबा बदलून सांगतात."

तिला हे कितीतरी महिने ठाऊक होतं. आबांना वाईट वाटेल म्हणून पोरीने अवाक्षर काढलं नव्हतं.

आल्हादने आबांकडे पाहिलं. "खरं?"

आबांनी होकारार्थी मान हलवली.

मग त्याने विचारलं, "अजून कोण कोण मेलंय?"

चिंतामणरावांनी त्याला मांडीवर घेतलं आणि आठवून आठवून सांगू लागले. किल्लेदार मेला. त्याचा धाकटा भाऊ मेला. तोफेवरचा म्हातारा गोलंदाज मेला. प्रत्येक नावाला आल्हाद विचारी, "परत नाही आला?" आणि आबा म्हणत, "नाही."

"आणि सावळीराम?"

"मेला."

"आणि आई?"

"आईपण मेली, बाळा."

तेव्हा कुठे आल्हाद रडला.