मामंजींची मूठ

गाडी वळणावर कण्हायला लागली आणि चादरवालीची रात्रीची झोप उडाली.

लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुऊन पोहोचवायचे, हा तिचा धंदा. नवरा लाँड्रीची मशिनं सांभाळायचा, ती गाडी. गाडी उंच, जुनी, दोन मालक बघून आलेली; मागच्या सीट काढल्या की कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचता येत. आधीच्या मालकाने चावी देताना बजावलं होतं, गिअरशेजारचा छोटा दांडा पुढेच असू द्या, चिखलात रुतलात तरच मागे ओढा, म्हणजे चारही चाकं जोर लावतील. तिचे रस्ते सगळे पक्के. तिने त्या दांड्याला कधी बोट लावलं नाही.

आताशा मात्र लॉजच्या अरुंद फाटकातून वळताना कुणी मागून शेपटी धरल्यासारखी गाडी अडायची. चाकं किंचाळायची, स्टिअरिंग जड व्हायचं, डिझेल तर पाण्यासारखं जायचं. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणाला. खर्च ऐकून तिने मनात हिशेब मांडला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. गाडी भंगारात काढावी तर लॉजचं काम जाणार, आणि काम गेल्यावर मशिनं काय हवेवर फिरवायची?

शेजारच्या सीटवर मामंजी असत. तिचे सासरे. उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेले, आता गुडघे संपावर गेलेले. घरात एकटे कंटाळतात म्हणून अलीकडे तीच त्यांना बरोबर नेऊ लागली होती. तेव्हापासून क्लचवर रोजचं प्रवचन फुकट. सूनबाई गाडी चालवत नाही, गाडीशी भांडते, हे त्यांचं निदान.

गाडी गॅरेजला सोडायची त्या सकाळी गठ्ठे नव्हते. एरवी मामंजी चढत तेव्हा ती मागे माल रचत असे. आज आधीच येऊन बसली होती. मामंजींनी दार उघडलं, एक पाय वर टाकला, हात लांब करून तो छोटा दांडा गच्च धरला आणि त्याला लोंबकळत स्वतःला आत ओढलं.

"मामंजी, हे काय धरलंत?"

"मूठ. म्हाताऱ्यांसाठी दिलीय ना? आमच्या बसला कुठली एवढी सोय."

दांडा पार मागे होता; म्हणजे पक्क्या रस्त्यावरही चारही चाकं जोर लावत होती आणि वळताना एकमेकांना अडवत होती. तो ओढल्यावर स्टिअरिंगसमोर पेटणारा दिवा पहिल्यापासूनच गेलेला, मग कळणार कसं? तिने दांडा पुढे सारला, गाडी जराशी मागेपुढे केली. खालून खट् झालं. मग गल्लीच्या तोंडाशी तिने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली. तिने पुन्हा वळवली. मग उगाच आणखी एकदा.

"आणि गिअरबॉक्स?" मामंजींनी हळूच विचारलं.

"ठणठणीत आहे." तिला हसू आवरेना, डोळे मात्र पुसावे लागले.

गॅरेजला तरी ती गेलीच. दिवा बदलायला सांगितला, आणि डाव्या दाराच्या वर एक चांगली भक्कम मूठ बसवून घेतली. दांडा मागे गेलाच कसा, असं गॅरेजवाल्याने विचारलं. धक्काबिक्का लागला असेल, म्हणून ती विषय टाळू लागली.

"धक्का कसला," मामंजी खाकरले. "मी ओढला. रोज."

परतताना नवी मूठ धरून ते आत चढले, नीट सावरून बसले, आणि पहिल्याच चौकात म्हणाले, "क्लच अर्धाच दाबतेस."

तिने पूर्ण दाबला.