झाकलेल्या पाच ओळी

आमच्या घरात मिक्सर घ्यायचा असला तरी आधी एक्सेल उघडतं. नवरा पुण्याचा इंजिनियर. लग्नाआधी त्याने स्थळांचंही एक्सेल केलं असणार, असा मला दाट संशय आहे. त्यामुळे युनियनने सभासदांसाठी देऊ केलेल्या दोन क्रेडिट कार्डांची माहितीपत्रकं मी घरी आणली, तेव्हाच पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं.

मी अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावाहून अर्ध्या तासावरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ती पत्रकं मला आमच्या युनियनच्या प्रतिनिधीने दिली. ही बाई तिथे गेली तीस वर्षं रक्त काढते आहे, आणि सुई टोचली हे पेशंटला टोचून झाल्यावर कळतं. पहिल्या कार्डावर किराण्याला आणि गॅसला भरपूर कॅशबॅक होता, दुसऱ्यावर जेमतेम. तरी तिने दुसऱ्यावरच बोट ठेवलं.

"शेवटचं पान वाच," ती म्हणाली. "आणि घ्यायचं तर आत्ता घे. कार्ड तीन महिने जुनं असल्याशिवाय ते मदत देत नाहीत."

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं. तिने दारातल्या सिक्युरिटी गार्डांकडे पाहिलं. त्या महिन्यात ते दोनाचे सहा झाले होते. "स्प्रिंगमध्ये युनियनचं हॉस्पिटलशी काँट्रॅक्ट संपतंय," एवढंच ती बोलली.

त्या दुसऱ्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की, कार्डधारक अडचणीत आला तर त्याला मदत मिळेल आणि ती परत करावी लागणार नाही. खाली अडचणी छापल्या होत्या. संप, जोडीदाराची नोकरी जाणं, हॉस्पिटलात भरती, अपंगत्व, मृत्यू. कुणीतरी आमच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय त्याची यादीच दिली आहे असं मला वाटलं. मी पत्रक पर्समध्ये कोंबलं.

रविवारी नवऱ्याने शीट केली. प्रत्येक मुद्द्याला एक ओळ, तो आपल्याला किती महत्त्वाचा त्याचे दहापैकी गुण, आणि तळाशी दोन्ही कार्डांची बेरीज. संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावून वळले तर त्याने लॅपटॉप माझ्या हातात दिला. "नीट वाच हं सगळं," म्हणाला आणि तांदूळ धुवायला गेला.

मी वाचत गेले आणि पत्रकातल्या त्याच पाच अडचणींपाशी अडकले. दिवेलागणीला घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे माझ्या आईने मला भाताबरोबर भरवलेलं. लॅबमध्ये मी दिवसभर लोकांच्या रक्तात आजार शोधते, तिथे मला वास्तू आठवत नाही. घरी आठवते.

"ए, काय लिहिलंयस हे? दिवा लावलाय मी आत्ता!" मी ओरडले आणि पुढचे गुण न बघताच त्या पाच ओळी लपवून टाकल्या.

आता समोर दिसणाऱ्या प्रत्येक ओळीत पहिलं कार्ड पुढे होतं. बेरजेत मात्र दुसरंच जिंकत होतं, तेही चांगलंच.

"तुझा फॉर्म्युला गंडलाय यार," मी म्हटलं.

"फॉर्म्युला करेक्ट आहे. हाइड केलेल्या रो पण काउंट होतात."

"मग डिलीट कर ना त्या."

त्याने तांदूळ आणखी एकदा धुतले. नळ बराच वेळ चालू राहिला. मग म्हणाला, "कार्ड तुझ्या नावावर येणार. तूच डिसाइड कर." मी तिथल्या तिथे पहिल्या कार्डाचा अर्ज भरला.

हिवाळाभर मी खूश होते. इंडियन स्टोअरमधून तूरडाळ आणली तरी कॅशबॅक मिळतो म्हणून मिरवत होते. आम्हा दोघांचा हेल्थ इन्शुरन्स नवऱ्याच्या ऑफिसचा. वर्षानुवर्षं दात दुखला तरी लवंग धरून बसणाऱ्या या माणसाने एका महिन्यात दोन दाढा करून घेतल्या आणि माझ्या मागे लागून मलाही डोळे तपासायला लावले. भारताची तिकिटं कॅन्सल केली. "नंतर बघू," म्हणाला. लॅबमध्ये आमच्या मागे अनोळखी माणसं वही घेऊन उभी राहायला लागली. कुठलं मशीन कसं चालवतो ते लिहून घेत. मी हे सगळं पाहत होते आणि कशाचाच कशाशी संबंध लावत नव्हते. लावायचाच नव्हता मला.

मार्चमध्ये एका दुपारी नवऱ्याचा मेसेज आला. दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये त्याची नोकरी गेली होती, आणि महिनाअखेर इन्शुरन्सही जाणार होता. त्याच आठवड्यात युनियनच्या त्या बाईने संपाच्या मतपत्रिका वाटल्या. वहीवाली माणसं संपात आमच्या जागी काम करायला आणलेली होती. आता घर माझ्या एकटीच्या पगारावर होतं, आणि तोही बंद पडायची वेळ आली होती.

"ते कार्ड आहे ना तुझ्याकडे?" तिने विचारलं. "नवऱ्याच्या नोकरीची मदत मिळेल, संपाचीही मिळेल."

मी कुठलं घेतलं ते सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातातल्या नळीवर लेबल चिकटवलं आणि "ओके" म्हणाली. मला भीती वाटली.

घरी येऊन, अजून काही जमतंय का ते बघायला मी शीट उघडली. ओळींचे आकडे अकरावरून एकदम सतरावर जात होते. मी मधल्या पाच ओळी उघडल्या. बाराव्या ओळीत संप होता, त्याला सहा गुण. तेराव्या ओळीत जोडीदाराची नोकरी जाणं. तिथे दहा गुण होते, आणि शेजारी नवऱ्याने लिहिलं होतं, 'ऑफिसातला आमचा ग्रुप बंद होणार असं ऐकतोय. घाबरू नकोस, वाचलंस की बोलू.'

मी लॅपटॉप घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं ना," तो म्हणाला. "तू म्हणालीस दिवा लावलाय. मग माझीही जीभ उचलेना."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायचा राहिला होता. मी मतपत्रिका टेबलावर ठेवली आणि मोठ्याने विचारलं, "संप झाला तर आपण काय करायचं?"

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं. त्याने खुर्ची ओढली, लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि बाराव्या ओळीतल्या सहाचे दहा केले.